डाव्या हाताचे सिनेमे

मी जन्माने डावखुरी. आज हे सांगायला काही वाटत नाही. माझी नात डाव्या हाताने चित्रं काढते आणि तिची आई शेजारणींना कौतुकाने सांगते, "डावखुरी मुलं हुशार असतात म्हणे!" हे ऐकलं की मी उठून आत जाते. सासूबाई फटकळ आहेत असं सुनेला वाटतं, वाटू दे. मला नातीचा आनंद होत नाही असं नाही, पण आनंदाच्या आधी राग येतो, आणि या वयात राग गिळला की पित्त होतं. म्हणून लिहून टाकते.

कल्याणला आमच्या घरी जेवायला बसलं की माझा डावा हात पाठीमागे बांधलेला असे. आईच्या जुन्या लुगड्याची सुती पट्टी होती, खास त्यासाठी फाडलेली, आणि ती खुंटीवर गाळण्याच्या फडक्याशेजारी टांगलेली असे. आई दुष्ट नव्हती. बांधताना ती "घट्ट नाही ना झालं गं?" असं विचारायची आणि मी "झालंय" म्हटलं तरी तशीच ठेवायची. शाळेत फूटपट्टी होती, ती उभी मारत. आणि माणसं कमी पडली म्हणून की काय, मराठी भाषासुद्धा माझ्या मुळावर उठली होती. चांगलं ते उजवं. कुणाला कमी लेखलं की डावं केलं. मुलीचं लग्न लावून दिलं की मुलगी उजवली. बाबा ठाण्याला कचेरीत कारकून होते आणि गंभीर माणूस म्हणून त्यांची ख्याती होती, पण माझ्यावर त्यांनी एक विनोद केला होता आणि आल्यागेल्याला तो ऐकवत. "हिला उजवायची म्हणजे आधी हिचा हात उजवायला हवा!" पाहुणे हसत. पाहुण्यांना चहा मिळालेला असे, हसायला त्यांचं काय जातं?

चौथीच्या वार्षिक परीक्षेत मी उजव्या हाताने लिहिलेला पेपर मास्तरांना लागलाच नाही. कोंबडीचे पाय बरे, असा शेरा आला. तोंडी गणितात मी वर्गात पहिली होते, त्याचं कुणी नाव घेतलं नाही. बाबांनी निकाल वाचला, चष्मा पुसला आणि सांगून टाकलं, "मे महिना हातात आहे. जूनपर्यंत उजव्या हाताचं अक्षर वळलं तर पाचवी. नाही वळलं तर नाव काढू. मुलीच्या जातीला चौथी पुष्कळ झाली." मला शाळा हवी होती. शेजारच्या मथीचं नाव आदल्या वर्षी काढलं होतं आणि ती दिवसभर भावंडांना कडेवर घेऊन आमच्या दारात उभी असायची. मला मथी व्हायचं नव्हतं.

सुट्टीत मला दरवर्षीप्रमाणे टिटवाळ्याला माईमावशीकडे पाठवलं. ट्रंकेत फ्रॉक, पाटी आणि ती पट्टी. माईमावशी आईची थोरली बहीण. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, शहाडच्या एका कारखान्यात हिशेबनीस होते, आणि मुलगा वसंतदादा मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत जांभया देत होता. घर लहान, अंगण मोठं. मे महिन्यात त्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. कुरडया, सांडगे, पापड्या, मिरच्या आणि त्यावर ताणलेलं जुनं धोतर. पहाटे चीक शिजवल्याचा वास घरभर, मग सोऱ्याची करकर, आणि मधूनच कसाऱ्याकडे चढणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा दमलेला आवाज. मावशीने दोन दिवस माझा हात इमानेइतबारे बांधला. तिसऱ्या दिवशी कुरडया घालायला माणूस कमी पडलं, तेव्हा पट्टी सोडून म्हणाली, "मरू दे, सुट्टी आहे पोरीची. पण काकांसमोर उजवा हात हं." मी सोऱ्या उलटा फिरवी आणि कुरडई उलटी वळे. तळल्यावर ती कुणालाही ओळखता येत नसे.

त्या वर्षी गावाबाहेरच्या भाताच्या खाचरात तंबूतला सिनेमा आला होता. दुपारी बैलगाडीला रंगीत फळ्या बांधून ताशा वाजवत गावभर फिरत, आणि दिवेलागणीला वीज करणाऱ्या इंजिनाची धडधड सुरू झाली की कुत्री भुंकायला लागत. खाचर चांगुणाकाकीचं होतं. ही मावशीची शेजारीण, आगरी, विधवा, तीन खाचरांची मालकीण, आणि आवाज असा की नदीपलीकडचं माणूस वळून बघावं. जागेच्या बदल्यात तंबूवाल्याने तिला आणि तिच्या माणसांना फुकट सोडायचं ठरवलं होतं, आणि आम्ही तिची माणसं झालो. "चल गो पोरी," ती कुंपणावरून ओरडायची, "आज मारामारी हाय!" पुरुषांची जेवणं उरकून ते आधी जात. मग आम्ही बायका जेवायच्या, भांडी घासायच्या, निखाऱ्यावर राख ओढायच्या आणि धावतपळत जायच्या. पडद्यावरची नावं आम्हाला एकदाही सापडली नाहीत. पुरुषांचं दार पुढे होतं, बायकांचं मागे. मध्ये पांढऱ्या मांजरपाटाचा पडदा. खेळाआधी एक माणूस त्यावर बादलीने पाणी मारी. कशासाठी, ते आम्ही विचारलं नाही. पडद्याच्या त्या बाजूला पुरुष आणि या बाजूला आम्ही, एवढंच ठाऊक होतं. बायकांची सोय वेगळी केली म्हणून काका तंबूवाल्याला सज्जन म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरडया घालता घालता सिनेमाची चिरफाड व्हायची. माझं मत आवर्जून विचारलं जाई, कारण मी नऊ वर्षांची आणि तोंडाची फाटकी. पहिला सिनेमा देवादिकांचा होता. त्यात ऋषी दर दहा मिनिटांनी कुणाला तरी शाप देत होते, आणि माझं मत असं पडलं, की एवढी तपश्चर्या करूनसुद्धा राग जात नसेल तर तपश्चर्या फुकट. मावशी कानाला हात लावून हसली. (आता मला वाटतं, ऋषींचं बरोबरच होतं.) दुसऱ्यात नायकाला नोकरी नव्हती, पण कोटाला रोज इस्त्री होती. मी विचारलं, इस्त्रीचा कोळसा कुठून आणतो? तिसरा रडका. त्यातली आई पहिल्यापासून खोकत होती, पण कुणी तिला साधा आल्याचा काढा करून देईना. चांगुणाकाकीचं मत पडलं, "काम न् धंदा, नुसता खोकते! भात लावाला आन तिला." चौथा मारामारीचा. त्यात नायकाने बारा माणसं लोळवली आणि टोपी पडली नाही, म्हणून मावशीच्या मते ती टाचणीने लावली होती. अशी आमची मतं. कुणाला दुखवायचं नव्हतं, कुणाकडून काही मागायचं नव्हतं.

पण मी एक गोष्ट पाहत होते आणि कुणाला सांगत नव्हते. पडद्यावरची माणसं डावखुरी होती. नायक डाव्या हाताने सही करी. तलवार डाव्या हातात. खोकणारी आई डाव्या हाताने भाकरी थापायची आणि तिला कुणी एक शब्द बोलत नव्हतं! पहिल्या सिनेमात देवाने आशीर्वाद दिला तोही डावा. मी डोळे फाडून बघत राहिले. आणखीही काही चमत्कारिक दिसे, पण त्याला मावशीकडे उत्तर असे. बायकांचे पदर उजव्या खांद्यावर कसे? "गुजराती नेसल्यात त्या. मुंबईकडे फॅशन आहे." नायकाचं पत्र पडदाभर दिसलं, अक्षर ओळखीचं वाटलं आणि वाचता येईना. "मोडी असेल गं. तुझे आजोबा लिहायचे ना, तसलं." शेवटी आलेली अक्षरं? "ती इंग्रजी." मावशी चौथी शिकलेली, मी पाचवीत जाणार की नाही ते ठरायचं होतं, चांगुणाकाकीला अक्षरओळख नाही. आमच्यात विद्वान कोण होतं? पाचव्या सिनेमात सासू नव्या सुनेला उंबरठ्यावर कुंकू लावते असा प्रसंग होता. चांगली प्रेमळ सासू, कपाळाला भलीमोठी चिरी, आणि तिने डाव्या हाताचं बोट करंड्यात बुडवलं आणि सुनेला लावलं. सून वाकली. सनई वाजली. त्या क्षणी माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. म्हणजे हे कल्याणचंच खूळ आहे, बाहेर मोठ्या जगात चालतं. बाबांना कुणी सांगितलेलं नाही, एवढंच. मी सांगेन, दाखला देऊन सांगेन, आणि माझी शाळा वाचेल.

अक्षय्य तृतीया दोन दिवसांवर आली होती आणि मावशीचं चैत्रातलं हळदीकुंकू राहिलं होतं. गौर पाळण्यात बसली, पुढे कलिंगडाची कमळं कातरून मांडली, आंब्याची डाळ वाटून झाली, मोठ्या पातेल्यात पन्हं. माझ्याकडे अत्तर आणि गुलाबदाणी. दुपार कलताना काकांच्या कारखान्यातल्या हेडक्लार्कची बायको आली. तिला सगळे वहिनी म्हणत. ती शहाडहून मुद्दाम आली म्हणून मावशीची तारांबळ उडाली. मावशीचे हात डाळीत होते. ती म्हणाली, "शालू, वहिनींना हळदीकुंकू लाव गं." मला उजव्या हाताने लावता आलं असतं. काकांसमोर मी सगळं उजव्या हाताने करतच होते. मी मुद्दाम डावा हात करंड्यात घातला. अनामिकेवर कुंकू घेतलं, त्या सासूने घेतलं होतं तेवढंच, आणि वहिनींच्या कपाळाला टेकवलं.

वहिनी मागे सरकल्या. "अगं बाई! डाव्या हाताने?" सवाष्णीला डाव्या हाताने कुंकू! मावशी डाळीच्या हातांनीच धावली. बायका उठून उभ्या राहिल्या. मी मात्र शांत होते, माझ्याकडे दाखला होता. म्हटलं, "चालतं. परवाच्या सिनेमात सासूने सुनेला डाव्या हातानेच लावलं. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत." निम्म्या बायका तंबूत आल्या होत्या. एक जण हळूच म्हणाली, "हो गं... डावाच होता की." दुसरी म्हणाली, "आणि तो सहीसुद्धा डाव्या हाताने करतो, मला तेव्हाच खटकलं होतं." आणि त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. माझ्या आयुष्यात त्याआधी आणि त्यानंतर कुणी माझ्या बाजूने इतकं विचारात पडलेलं मला आठवत नाही. मावशी पदराला हात पुसत म्हणाली, "असेल बाई मुंबईकडे तशी पद्धत."

दारात वसंतदादा उभा होता, पन्ह्याचा पेला घेऊन. त्याने पेला खाली ठेवला आणि तो हसायला लागला. हसता हसता भिंतीला टेकला. "अगं मूर्खांनो! तुम्ही पडद्याच्या मागे बसता! तुम्हाला सगळं उलटं दिसतं. डावं ते उजवं, उजवं ते डावं! मोडी काय, गुजराती काय... आई, तू मोडी म्हणालीस?" कुणाला कळेना, तेव्हा त्याने पंचांग उचललं, पान उजेडासमोर धरून मागून दाखवलं. "हे असं. पडदा ओला करतात तो मागूनही दिसावा म्हणून. पुरुष पुढे बसतात. सिनेमा पुढून असतो." मी विचारलं, "तुला माहीत होतं?" "सगळ्यांना माहीत असतं," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हालाही माहीत असेल."

आणि बायका हसल्या. हेच मला आजवर गिळता आलेलं नाही. त्यांनी चिडायला हवं होतं! पाच सिनेमे आपल्याला पाठीमागून दाखवले, आपण हातातली कामं टाकून धावत गेलो आणि उलट्या बाजूला जाऊन बसलो, कुणी सांगण्याच्या लायकीचंही समजलं नाही, आणि या हसत होत्या! वहिनी हसल्या, मावशी हसली, जिला सही खटकली होती ती तर डोळे पुसत हसली. हसणं सरल्यावर मात्र सगळं खापर माझ्यावर फुटलं. मावशीने ओल्या फडक्याने वहिनींचं कपाळ पुसलं, उजव्या हाताने नवं कुंकू लावलं, आणि सगळ्यांदेखत मला थोबाडीत मारली. उजव्या हातानेच. माझ्या हातून गुलाबदाणी पडली. मी ओरडून म्हटलं, "तंबूवाल्याला मारा ना! मला काय मारता?" तळपायाची आग मस्तकात म्हणतात ती मला त्या दुपारी कळली. संध्याकाळी काकांनी बाबांना पोस्टकार्ड टाकलं, आणि पट्टी खुंटीवरून उतरली ती सुट्टी संपेपर्यंत सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परसात कडीपत्त्याखाली बसून रडत होते, डावा हात पाठीमागे बांधलेला, त्यामुळे नाकसुद्धा उजव्या हाताने पुसावं लागत होतं. चांगुणाकाकी विळा घेऊन गवताला निघाली होती. "कनाला रडतेस गो?" मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. एवढ्या मोठ्या गावात न हसलेली ती एकटी. तिने विळा माझ्यासमोर धरला. "ह्याची धार बघ. कंच्या अंगाला हाय?" मी पाहिलं. धार उलट्या बाजूला होती. "लोहाराकडशी मुद्दाम करून घेतलाय. मी पन डावरी. भात कापताना कोन विचारत नाय, कापून झाला म्हंजे झाला." मग जरा थांबून तिला खरा राग आला. "आनि तो मेला मना मागच्या अंगाला बसवतो? माज्याच खाचरात?"

पाचवा सिनेमा अजून चालू होता. त्या दिवशी दिवेलागणीला ती मला घेऊन पुढच्या दाराने गेली. मावशीला सांगितलंही नाही. दारावरचा माणूस आडवा आला, "बायांची बाजू मागं हाय, आजी." काकीने त्याच्याकडे पाहिलं. "ही जमीन कोनाची हाय रे? मना कंच्या बाजूला बसाचा हाय, ता मी ठरवीन. हो बाजूला." पुरुष वळून वळून बघत होते. काका तिथेच होते, त्यांनी मान खाली घातली. आम्ही पहिल्या रांगेत जमिनीवर बसलो. नावं दिसली. सरळ, स्वच्छ बाळबोध, मी घडाघडा वाचली आणि काकीलाही वाचून दाखवली. पत्र आलं, तेही मला वाचता आलं. त्यात काही विशेष नव्हतं, खुशालीचं होतं. पदर डाव्या खांद्यावर होते. मग तो उंबरठा आला, सनई लागली, आणि त्या प्रेमळ सासूने उजव्या हाताने कुंकू लावलं. नायकाची सही उजवी. नोकर उजवा, न्यायाधीश उजवा, मागे गर्दीत उभा असलेला भाजीवालासुद्धा उजवा. मी शेवटपर्यंत एखादा तरी सापडेल म्हणून शोधत होते. मला पुढून सिनेमा बघायचा होता, आणि पुढून बघितला तर त्यात माझं कुणीच नव्हतं. मग मी कशासाठी भांडले, असं क्षणभर वाटलं, आणि त्या वाटण्याचाही राग आला. काकीने विचारलं, "कसा हाय?" मी म्हटलं, "वाईट."

दुसऱ्या दिवसापासून मी उजव्या हाताने पाटी गिरवायला घेतली. कुणी सांगितलं म्हणून नाही. मला मथी व्हायचं नव्हतं, दुसरा रस्ता मला दिसत नव्हता आणि कुणी दाखवतही नव्हतं. सकाळी शंभर ओळी, दुपारी शंभर. मनगट सुजलं, मावशीने तेल लावलं. ती आता मऊ झाली होती, डाळ जास्त वाढत होती, पण मी तिच्याशी धड बोलले नाही. वसंतदादाने "मोडी लिहितेस का?" असं एकदाच विचारलं. मी पाटी उचलली तेव्हा तो पळाला. रागाने माणूस काय वाटेल ते शिकतं. पुढे मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि फळ्यावरच्या अक्षरासाठी माझं नाव होतं. ते अक्षर कशातून आलं हे मी कुणालाही सांगितलं नाही.

मे संपता संपता बाबा मला न्यायला आले. चहा झाला, डाळ झाली, काकांशी दाराआड बोलणं झालं. मग मला बोलावलं. मावशी, काका, वसंतदादा, सगळे भोवती. बाबांनी पाटी पुढे सरकवली. "लिही बघू." मी विचारलं, काय लिहू? "काहीही लिही. तुझ्या मनाचं लिही. मला अक्षर बघायचं आहे." मी उजव्या हातात पेन्सिल घेतली आणि सावकाश, एकेक अक्षर नीट काढत लिहिलं, "मला तुमचा सगळ्यांचा फार राग आला आहे." पाटी त्यांच्या हातात दिली आणि उभी राहिले. आता मार बसला तरी चालेल, शाळा गेली तरी चालेल असं वाटत होतं, आणि शाळा जाऊ नये असंही वाटत होतं.

बाबांनी चष्मा लावला. ओळीखालून बोट फिरवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पाटी काकांना दाखवली, मावशीला दाखवली. मावशीने वाचलं आणि ती आत निघून गेली. बाबा म्हणाले, "वा! वळलं की अक्षर. जूनमध्ये पाचवी." मग पाटी माझ्याकडे परत देऊन त्यांनी एका जागी बोट ठेवलं. "फक्त 'राग'मधला हा 'ग' बघ. काना लांब पडलाय. जवळ घे."

मी पाटी घेतली, बोटाने काना पुसला, आणि उजव्या हाताने जवळ काढला.